पाचव्या खोलीची ऊब

"चपला बाहेर काढ," खांबेटे काका म्हणाले. "चपला घालून गेलीस तर काही कळायचं नाही."

मी उंबऱ्याशी थांबले. सकाळपासून त्या बंगल्याच्या चार खोल्या मी पायातल्या सँडलसकट पालथ्या घातल्या होत्या आणि कुणी काही म्हटलं नव्हतं. ही पाचवी. इथे देव असतील असं समजून मी सँडल काढले आणि आत पाऊल टाकलं. आत देव नव्हते. एक लोखंडी खाट होती, तिच्यावर ताणून घातलेली पांढरी चादर, खिडकीशी वेताची खुर्ची, भिंतीवर एका हसऱ्या बाईंचा फोटो. आणि पायाखालची फरशी कोमट होती.

खिडकीच्या काचेला धुकं चिकटलं होतं. पाचगणीत सप्टेंबर म्हणजे पावसाळा सरत आलेला, पण भिंती आतपर्यंत भिजलेल्या. बाकीच्या घरात फरशी पायाला बोचेल इतकी गार असणार हे नुसत्या हवेवरून कळत होतं. इथे मात्र कुणी आत्ताच उठून गेल्यावर अंथरूण जसं लागतं तशी ऊब होती. सगळीकडे सारखीही नव्हती. खाटेच्या उशाकडे जास्त, दाराकडे कमी.

"फरशीचं हीटिंग चालू आहे का?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "शैला गेली त्या दिवसापासून बंद आहे."

ते दारातच उभे होते, आत आले नाहीत. माझ्याकडे मात्र असे बघत होते, जसं मी काहीतरी चाखलंय आणि चव कशी आहे ते सांगायची ते वाट बघतायत.

मी तेव्हा साताऱ्याच्या एका लहानशा कंपनीत होते. श्रीमंत घरांमधले दिवे, पडदे, एसी असं सगळं एका मोबाईलवर आणून देणं हा आमचा धंदा. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. एरवी माझ्याबरोबर आमचे साहेब असायचे, पण त्या दिवशी ते दुसऱ्या कामात अडकले आणि मला एकटीलाच पाठवलं. काम सोपं होतं. पाच खोल्यांमध्ये हीटरचे पाच थर्मोस्टॅट आधीच बसवलेले होते. म्हणजे भिंतीवरची ती छोटी चौकोनी पेटी, जी खोलीचं तापमान मोजते आणि हीटर चालू-बंद करते. त्या पाचही पेट्या एका नव्या यंत्राला जोडायच्या आणि ते यंत्र इंटरनेटला. मग खांबेटे काकांची मुलगी केतकी जर्मनीत बसून वडिलांच्या घरात किती थंडी आहे ते बघू शकणार होती, हवं तर हीटर वाढवू शकणार होती. आई गेल्यावर वडील एकटे राहतात, खोकला सुटत नाही, विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणतात. तिनेच आम्हाला गाठलं होतं, आणि पाचही खोल्या जोडल्याच पाहिजेत असं साहेबांना बजावून सांगितलं होतं.

काकांचा विरोध नव्हता. सकाळी मी पोचले तेव्हा त्यांनी स्वतः दार उघडलं, माझं नाव विचारलं, इंगवले म्हटल्यावर कुठल्या गावचे ते विचारलं, शिडी आणून दिली. उंच, सडपातळ माणूस. स्वेटरची कोपरं झिजलेली, पण दाढी गुळगुळीत. फक्त एवढंच म्हणाले की चार खोल्या जोड, पाचवी सोड. मी केतकीताईंना फोन लावून दिला. बाप-लेकीचं थोडा वेळ बोलणं झालं. तिचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाही. शेवटी काका फोन माझ्या हातात देत म्हणाले, "जोड म्हणते. बघ जोडून."

तर मी जोडायला सुरुवात केली.

पहिल्या चार पेट्या भराभर झाल्या. दिवाणखाना, जेवणघर, काकांची खोली, पाहुण्यांची खोली. मोबाईलवर एकेक आकडा उमटत गेला. सतरा, सतरा, अठरा, सतरा. ओलसर डोंगरावरच्या बंद घराचं तापमान जसं असायला हवं तसं. पाचवी पेटी जोडली आणि आकडा आला सव्वीस.

फरशीखालचा सेन्सर बिघडला असेल, असं मला आधी वाटलं. पण माझे पाय सांगत होते की सेन्सर खरं बोलतोय. मी पेटी पाहिली, ती बंदच होती. चालू केली, पुन्हा बंद केली. आतला खटका टिक् करून सुटल्याचा आवाज आला. म्हणजे फरशीखालच्या तारेकडे जाणारी वीज तुटली. आता आकडा हळूहळू उतरायला हवा होता. मी बाकीची कामं करत राहिले आणि अधूनमधून मोबाईल बघत राहिले. सव्वीस. जरा वेळाने सव्वीस. जेवणाची वेळ होत आली तरी सव्वीस.

जेवायला मी स्वयंपाकघरात बसले. काकांनी त्यांच्या खोलीत ताट मागवलं होतं. घरात स्वयंपाकाला आणि झाडलोटीला हौसाबाई होत्या, खालच्या वस्तीतून रोज चढ चढून येणाऱ्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी भाकरी वाढली, समोर बसल्या आणि मी किती खोल्या केल्या ते विचारलं. मी सांगितलं की एका खोलीत अडलंय. कुठल्या ते त्यांनी विचारलं नाही.

"ताई," जरा वेळाने त्या म्हणाल्या, "तिथल्या खाटंला हात लावू नका. लागलाच तर मनात बाईंचं नाव घ्या."

"का?"

"बाई हायेत तिथं."

हे त्यांनी आमटी तिखट झालीय का विचारावं तसं सांगितलं. मग हळूहळू बाकीचंही बोलल्या. बाईंना संधिवात होता. हातापायाची बोटं वाकडी झालेली, थंडी अजिबात सोसायची नाही, म्हणून मालकांनी त्या एका खोलीत फरशीखालून ऊब येईल अशी सोय करून घेतली होती. थंडी सरता सरता बाई गेल्या. उन्हाळाभर खोली नुसती बंद होती. पाऊस लागला आणि बाई परत आल्या. फरशी पुन्हा गरम व्हायला लागली. मालक रोज दिवेलागणीला आत जातात, दार लावून खाटेशी बसतात, बोलतात. चपला बाहेर काढून जातात. हौसाबाईंनी दाराबाहेरून ऐकलं होतं. भांडल्यासारखं नाही, रडल्यासारखंही नाही. दिवसभरात काय काय झालं ते सांगितल्यासारखं.

मी हसले नाही. हसण्यासारखं वाटलंच नाही. बाहेर धुकं इतकं दाट झालं होतं की अंगणातलं सिल्व्हर ओक दिसेनासं झालं होतं.

जेवण झाल्यावर मी पुन्हा त्या खोलीत गेले. या वेळी सँडल काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी काढले. फरशीखालचा सेन्सर कुठे पुरलाय ते बघायचं होतं म्हणून खाटेच्या उशाशी उकिडवी बसले. खाट जमिनीला पक्की बसवलेली होती, पायांना लोखंडी पट्ट्या आणि पट्ट्यांतून फरशीत गेलेले बोल्ट. एका पायाजवळ फरशीच्या सांधीत ओल दिसत होती. तिथे तळवा ठेवला तर चुलीजवळच्या भिंतीसारखा गरम लागला. उठताना आधार हवा म्हणून मी खाटेचा दांडा धरला.

आणि कुणीतरी माझी बोटं धरली.

घट्ट नाही. झोपेतल्या माणसाने जवळ आलेला हात धरावा, तसं. बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत एक हलकी थरथर चढली, अशक्त, पण न थांबणारी. मी हात ओढून घेतला आणि मागे सरताना खुर्चीवर आदळले.

"जाणवलं?"

काका दारात उभे होते. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. अनवाणी होते.

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. नुसती मान हलवली आणि चेहऱ्यावर मला न समजणारं काहीतरी आलं. समाधान म्हणावं तर डोळ्यांत भीती होती. मग ते वळून गेले.

विजेची शंका मला आली नाही असं नाही. आली, आणि मीच ती खोडून काढली. त्या फरशीखालच्या तारेला वीज द्यायचा एकच रस्ता होता, तो भिंतीवरचा थर्मोस्टॅट, आणि तो बंद होता. मी माझ्या हाताने बंद केला होता, खटका सुटल्याचा आवाज ऐकला होता. शिवाय घरात कुठेही गळती झाली की वीज आपोआप तोडणारा खटका असतो, ईएलसीबी. एवढ्या नीट बांधलेल्या बंगल्यात तो असणारच. म्हणजे वीज नाही. मग काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उघड्या दाराकडे पाठ करून बसायचीही मला आता भीती वाटत होती. भिंतीवरच्या त्या हसऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे हात फोटोत दिसत नव्हते. शालीखाली होते.

मी पळाले नाही याचं खरं कारण एवढंच, की न्यायला येणारी गाडी संध्याकाळी येणार होती आणि धुक्यात पायी जाऊन जाऊन कुठे जाणार. मग काहीतरी हाताला काम हवं म्हणून मी थर्मोस्टॅटची पेटी भिंतीवरून उतरवली.

मागच्या तारा पाहिल्या आणि क्षणभर डोकं चालेना. मग चाललं.

ज्याने कुणी ती पेटी बसवली होती त्याने तारा उलट्या जोडल्या होत्या. थर्मोस्टॅट बंद झाला की येणारी वीज तुटायला हवी. इथे तुटत होती ती परतीची वाट. येणारी वीज थर्मोस्टॅटला न जुमानता थेट फरशीखालच्या तारेत जाऊन उभी राहत होती, चोवीस तास. तार धड असती तर काही झालं नसतं. पण खाटेचे बोल्ट बसवताना फरशीला भोकं पाडली होती, आणि त्यातलं एखादं भोक तारेच्या आवरणाला खरवडून गेलं होतं. उन्हाळ्यात कोरड्या फरशीत ते गप्प बसलं. पावसाने जमीन भिजली आणि वीज ओलीतून झिरपायला लागली. जमिनीत, बोल्टात, खाटेत. त्या झिरपण्याचीच ती ऊब होती. मी खिशातला टेस्टर काढून खाटेच्या दांड्याला लावला. त्यातला दिवा मंद, तांबूस पेटला.

भीती गेली, आणि तिच्या जागी दुसरी आली. ती पहिलीपेक्षा वाईट होती. आज बोटांना नुसती थरथर जाणवत होती. जमीन अजून थोडी भिजली, आवरण अजून थोडं निघालं, की तोच दांडा धरणारा माणूस सुटणार नव्हता.

मी धावत जिन्याखालच्या स्विचबोर्डाशी गेले. एक प्रश्न उरला होताच. गळती तोडणारा खटका का पडत नाही? झाकण उघडलं. खटका होता. फक्त त्या खोलीची तार त्याच्यातून जात नव्हती. कुणीतरी ती बाजूने वळवून नेली होती. आणि ते काम बघून मी तिथेच उभी राहिले. घाईचं, चिकटपट्टी गुंडाळून केलेलं ते काम नव्हतं. तार मापात कापलेली होती, टोकं नीट दाबून बसवलेली, वळण काटकोनात. ज्याने आयुष्यभर हेच केलंय त्याचा हात होता तो.

"मीच केलंय ते," मागून काका म्हणाले.

आम्ही दिवाणखान्यात बसलो. आधी मेन स्विच बंद करा, असं मी म्हटलं. त्यांनी हाताने थांबवलं, पाच मिनिटं दे म्हणाले. ते जलविद्युत केंद्रात इंजिनीअर होते. उभी नोकरी डोंगराच्या पोटातल्या वीजघरात काढली होती. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ते सावकाश, हिशेबशीर बोलत होते.

शैलाताई गेल्या त्या दिवशी काका त्यांचं औषध आणायला वाईला उतरले होते. परत आले तर त्या खाटेवरून उठताना खाली पडलेल्या, फरशीवर. काकांनी हात धरला. हात गरम होता. शुद्ध हरपलीय एवढंच असेल असं वाटून त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि ते येईपर्यंत हात धरून बसले, त्यांच्याशी बोलत राहिले. आता डॉक्टर येतील, घाबरू नकोस. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि सांगितलं की जाऊन बराच वेळ झालाय.

"फरशी गरम होती ना," काका म्हणाले. "तिनं मला फसवलं. मी गेलेल्या माणसाशी बोलत बसलो होतो. केतकीला सांगितलं, आई झोपेत गेली. खाटेवरच."

त्या दिवशी त्यांनी फरशीचं हीटिंग बंद केलं. मग पाऊस लागला. एक दिवस घरातली वीज सारखी जायला लागली. खटका पडायचा, उचलला की पुन्हा पडायचा. शोधत शोधत ते त्या खोलीत गेले आणि चादर सारखी करताना खाटेचा दांडा धरला.

"पहिल्या क्षणी मला कळलं काय आहे ते," ते म्हणाले. "गळती. बोल्टाची भोकं मीच पाडली होती, तिला धरून उठता यावं म्हणून. दुसऱ्या क्षणी मी हात काढायला हवा होता. काढला नाही." त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "तिला बोटं मिटता यायची नाहीत गं शेवटी शेवटी. हात धरला तरी एवढाच धरता यायचा. बरोब्बर एवढाच."

मग त्यांनी खाली येऊन खटक्यातून ती तार वगळली. तारा उलट्या आहेत हेही त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांनी त्या तशाच राहू दिल्या.

"काका, हे एक दिवस जीव घेईल."

"ते मी धरून चाललोय," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता, आणि त्या सबंध दिवसात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर त्या शांतपणाची. "ओल वाढतेय. एखाद्या संध्याकाळी ती जोरात धरेल. मला चालेल. तू चार खोल्या केल्यास, पाचवी जमली नाही म्हणून सांग आणि जा. तुझ्यावर काही येणार नाही."

मी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात हौसाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं ते कळेना. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मालक, म्हंजी तुम्हाला बी धरत्यात?"

काकांनी मान वर केली. "मला बी म्हणजे?"

मग हौसाबाई बोलल्या. खालमानेने, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. बाई गेल्या त्या दिवशी त्या गावच्या जत्रेला गेल्या होत्या. न सांगता गेल्या नव्हत्या, बाईंनीच जा म्हटलं होतं. पण त्या असत्या तर बाई एकट्या पडल्या नसत्या. पावसाळ्यात खोली झाडताना पहिल्यांदा खाटेला हात लागला आणि बाईंनी हात धरला, तेव्हाच त्यांना कळलं की बाई जाब विचारतायत. तेव्हापासून मालक दुपारी झोपले की त्या रोज त्या खोलीत जायच्या. फरशी पुसायच्या, खाट पुसायच्या, फोटोला उदबत्ती लावायच्या, मग खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरून माफी मागायच्या. बाई सोडायच्या नाहीत. धरूनच ठेवायच्या. मंगळवार धरले, चप्पल सोडली, तरी बाईंचा राग जाईना. उलट अलीकडे जास्तच धरतात. काल तर हात सुटता सुटेना.

काकांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलत गेला. इतका वेळ जो माणूस स्वतःच्या मरणाबद्दल हिशेब सांगावा तसं बोलत होता, त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"खाट कशानं पुसता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"फडक्यानं."

"ओल्या?"

"व्हय. ओल्याच फडक्यानं."

काका उठले. खुर्चीचा हात धरून उठले, पण मग झपाझप चालत जिन्याखाली गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी मेन स्विचवर हात ठेवला आणि क्षणाचाही वेळ न लावता खाली ओढला. घरातला फ्रिज गप्प झाला, दिवाणखान्यातला दिवा विझला, आणि धुक्याचा करडा उजेड खिडक्यांतून आत आला. मग ते मला म्हणाले, "ती तार मुळापासून तोड. दोन्ही टोकं. माझ्यासमोर."

मी तोडली. टोकं बंद केली, त्या खोलीची पेटी काढून भिंतीवर नुसतं झाकण बसवलं, खटका होता तसा जोडून दिला. ते शेजारी उभं राहून बॅटरी धरत होते. सगळं झाल्यावर वीज पुन्हा चालू केली आणि मी खाटेला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही.

मग काकांनी हौसाबाईंना हाक मारली. त्या उंबऱ्याशी आल्या आणि तिथेच थांबल्या.

"हौसाबाई, आत या. मला तुम्हाला सांगायचंय." त्यांनी सगळं सांगितलं. वीज कशी झिरपत होती, त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यांनी ते मुद्दाम ठेवलं होतं, आणि हौसाबाई रोज आत येतात हे त्यांना माहीत नव्हतं. "माहीत करून घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. "शैला तुमच्यावर रागावली नव्हती. तिनंच तुम्हाला जत्रेला पाठवलं. मी घरात होतो तेव्हा. मी ऐकलं होतं."

हौसाबाईंना विजेचं पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या सगळं ऐकून घेत होत्या आणि खाटेकडे बघत होत्या.

"हात लावून बघा," काका म्हणाले.

काकांनी आधी स्वतः दांड्यावर हात ठेवला, हौसाबाईंना धीर यावा म्हणून. मग हौसाबाई पुढे झाल्या. त्यांनी आधी एक बोट टेकवलं, मग हात, मग दुसरा हात. डोळे मिटले. त्या खूप वेळ तशाच उभ्या राहिल्या, दारावर टकटक करून आतून आवाज येतो का ते ऐकावं तशा. बाहेर कुठेतरी पागोळीचं पाणी पत्र्यावर ठिबकत होतं.

"गेल्या बाई," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. इतके महिने ज्या बाईंना त्या भीत होत्या, त्यांच्यासाठी त्या आता रडल्या, घरचं माणूस गेल्यावर रडतात तशा, आवाज न आवरता. काकांचा हात अजून दांड्यावर होता. त्यांनी तो काढून घेतला, तो कुठे ठेवायचा ते कळेनासं झाल्यासारखा थोडा वेळ हवेतच राहिला, आणि मग स्वेटरच्या खिशात घातला.

"हो," ते म्हणाले. "गेली."

माझा मोबाईल वाजला. केतकीताई होत्या. मधेच घर दिसेनासं झालं होतं, आता चारच खोल्या दिसतायत, असं का, ते त्या विचारत होत्या. मी काही सांगायच्या आत काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"चारच राहतील," ते म्हणाले. "पाचवीत आता कुणी राहत नाही." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ते थांबले. खिडकीशी गेले, खुर्चीवर बसले, पाठ आमच्याकडे. "मी बरा आहे. तू बसलीयेस का? बस जरा. आई गेली त्या दिवशीचं तुला मी एक चुकीचं सांगितलंय."

मी हौसाबाईंच्या खांद्याला हात लावला. आम्ही दोघी बाहेर आलो आणि मी दार ओढून घेतलं. चहा गार झाला होता. हौसाबाईंनी तो पुन्हा गरम केला, आणि गाडी येईपर्यंत आम्ही स्वयंपाकघरात बसून आतल्या बोलण्याचा आवाज ऐकत राहिलो, शब्द कळत नव्हते तरी.